प्रेशर उजव्या हाताला

जुलैतली दुपार, पाऊस धरलेला. देवगडकडच्या एका वाडीतून 34 वर्षांच्या बाईला रिक्षात आडवं घालून आणलं. चार दिवस उलट्या, पोटात कळा, उभं राहिलं की अंधारी. सिस्टरने डाव्या दंडाला पट्टा बांधला. प्रेशर लागेना, मनगटाची नाडीही लागेना. तिने मला हाक मारली.

नवऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून फाईल काढली. पहिल्याच पानावर आजाराचं नाव होतं, टाकायासु. यात मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येते आणि त्या आतून अरुंद होत जातात. रुग्ण बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायका. हिची डाव्या हाताकडे जाणारी रोहिणी जवळजवळ बंद होती, म्हणजे तिथली नाडी बरेपणीही लागली नसती. उजव्या दंडाला प्रेशर भरलं 78/50. ते मात्र खरोखरच पडलेलं होतं. शुगर 56. ताप नाही, जुलाब नाहीत.

गोळी किती चालू आहे, असं विचारलं. नवरा म्हणाला, साडेसात. ती डोळे मिटूनच पुटपुटली, "मीच बंद केलंय. तोंड फुगला, लोका हसतत." बंद करून आठ दिवस झाले होते.

गोळी म्हणजे सूज दाबणारं स्टिरॉइड, प्रेडनिसोलोन. चौदा महिन्यांपूर्वी 40 मिलिग्रॅमवर सुरुवात, तिथून उतरत 7.5. शरीर स्वतः रोज जेवढं कॉर्टिसॉल, म्हणजे घरचं स्टिरॉइड, बनवतं, ते साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोलाचं. इतके महिने बाहेरून मिळत राहिलं की मेंदूकडून मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना जाणारा हुकूम बंद पडतो आणि ग्रंथी आक्रसतात. त्यांना पुन्हा जागं व्हायला महिने लागतात. गोळी एकदम थांबवली की ना बाहेरचं, ना घरचं.

रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसायची ही वेळ नव्हे. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधातलं कॉर्टिसॉल, 100 मिलिग्रॅम शिरेतून, सलाईनची एक लिटर पहिल्या तासात, शुगरसाठी डेक्स्ट्रोज, पुढे दर सहा तासांनी 50. सोडियम नंतर आलं 124, बरंच कमी. पोटॅशियम ठीक, कारण मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉन या प्रकारात शाबूत असतं. तिन्हीसांजेला उजव्या हाताचं प्रेशर 108 झालं आणि तिने पेज मागितली.

दुसऱ्या दिवशी खाटेवर बसून आम्ही गोळीची उतरण नव्याने आखली. तिच्या मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून 10 वर ठेवलं. तिथून दर चार आठवड्यांनी जास्तीत जास्त एक-एक मिलिग्रॅम, तेही सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्ततपासणी, बघून. 40 वरून 20 वर यायला फारसा त्रास होत नाही, अडचण 10 च्या खाली येते. गोळी सकाळी, पेजेनंतर. ताप आला तर तेवढे दिवस दुप्पट. अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा एक. तीही पडली तर इंजेक्शन, थेट दवाखाना. वर पाटी उचलताना किंवा केस विंचरताना हात भरून येऊ लागला, मानेची शीर दुखली, तर तो आजार उलटल्याचा इशारा. नुसता थकवा आणि अंगदुखी असेल तर डोस भराभर उतरल्याची शंका आधी. सुकी मासळी आणि लोणचं मात्र मी हट्टाने कमी करायला लावलं, कारण स्टिरॉइडवर मीठ अंगात साचतं आणि या आजारात प्रेशर वाढणं घातकच.

चेहऱ्याची सूज डोस उतरेल तशी उतरते, हे तिला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

फाईलच्या पुठ्ठ्यावर सिस्टरने लाल पेनने दोन ओळी लिहिल्या: 'प्रेशर उजव्या हाताला घ्या. स्टिरॉइड चालू, एकदम बंद करू नका.' वरून चिकटपट्टी मारली, पावसात पुसू नये म्हणून.