हालोलचं गिऱ्हाईक अंकलेश्वरवाल्याला दिसतंय?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतली (औद्योगिक वसाहतीतली) पंप विकणारी एखादी कंपनी धरा. हालोलची गिऱ्हाइकं एका सेल्समनकडे, अंकलेश्वरची दुसऱ्याकडे, आणि अलकापुरीच्या ऑफिसातला मॅनेजर दोघांच्या वर. मालकाचं मागणं सरळ असतं: ज्याचं त्याला दिसावं, मॅनेजरला सगळं. सेल्सफोर्समध्ये, म्हणजे गिऱ्हाइकं आणि सौदे सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हे अवघड नाही, पण बहुतेक जण सुरुवातच शेअरिंग रूलपासून (रेकॉर्ड इतरांना दाखवायच्या नियमापासून) करतात आणि तिथेच फसतात.

शेअरिंग रूल दार उघडतो, बंद कधीच करत नाही. बंद करायची जागा म्हणजे सेटअपमधल्या शेअरिंग सेटिंग्जमधला ऑर्ग-वाइड डिफॉल्ट, म्हणजे सगळ्या कंपनीला लागू असलेली मूळ परवानगी. तिथे अकाउंट (गिऱ्हाईक कंपनी) आणि ऑपॉर्च्युनिटी (सौदा) ‘प्रायव्हेट’ करा, कॉन्टॅक्ट (तिथला माणूस) ‘कंट्रोल्ड बाय पॅरेंट’, म्हणजे वरच्या अकाउंटप्रमाणे, ठेवा. सैल करणारा बदल लगेच लागू होतो. आवळणारा मात्र सगळ्या रेकॉर्डांचा हिशेब पुन्हा झाल्यावर. डेटा मोठा असेल तर त्याला वेळ लागतो, म्हणून भर कामाच्या दिवशी नको. दिवाळी ते लाभपाचम ऑफिसं बंद असतात, ते दिवस यासाठी आयते मिळतात.

मग रोल, म्हणजे कोण कोणाच्या वर ही उतरंड. वरच्या रोलमधल्याला खालच्यांचे रेकॉर्ड आपोआप दिसतात, आणि अकाउंटसारख्या स्टँडर्ड ऑब्जेक्टवर (सेल्सफोर्समध्ये मुळातच असलेल्या रेकॉर्ड-प्रकारावर) हे थांबवता येत नाही. रोल म्हणजे व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा नव्हे. हिशेबनीस वयाने ज्येष्ठ म्हणून त्यांना सेल्सच्या वर बसवलं, तर सगळे सौदे त्यांच्यासमोर उघडे.

एवढं करूनही अंकलेश्वरवाल्याला हालोलचं अकाउंट दिसतंच, तर आधी त्या अकाउंटखालच्या ऑपॉर्च्युनिटी बघा. त्यातल्या एकीचा ओनर तो असेल, तर वरचं अकाउंट त्याला वाचायला मिळतंच. हा बिघाड नाही, सेल्सफोर्सची रीतच आहे. उपाय म्हणजे त्या ऑपॉर्च्युनिटीचा ओनर बदलणं. तसं काही नसेल तर त्याचे प्रोफाइल आणि परमिशन सेट, म्हणजे त्याला दिलेले अधिकार, तपासा. घाईत कुणाला तरी ॲडमिनच्या प्रोफाइलची नक्कल दिलेली असते, आणि त्यात ‘व्ह्यू ऑल डेटा’ (सगळं बघायचा अधिकार) असेल तर बाकीची कुलुपं नावापुरती. रेकॉर्डवरचं ‘शेअरिंग हायरार्की’ उघडलं की कोणाला, कशामुळे दिसतंय ते कळतं. पण ते कोणी उघडतच नाही!

लिस्ट व्ह्यू (रेकॉर्डांची यादी) लपवणं म्हणजे कुलूप नव्हे. सर्चमध्ये नाव टाकलं की रेकॉर्ड हजर. डॅशबोर्ड (आकड्यांचे तक्ते एकत्र दाखवणारं पान) त्याहून फसवा. तो मॅनेजरच्या नावावर चालत असेल, तर उघडणाऱ्या प्रत्येकाला मॅनेजरचेच आकडे दिसतात. ‘बघणारा स्वतः’ हा पर्याय आहे, पण एंटरप्राइज एडिशनमध्ये असे डॅशबोर्ड पाचच करता येतात, तेव्हा विचारपूर्वक वापरा.

हाताने केलेलं शेअरिंग रेकॉर्डचा ओनर बदलला की उडतं. एप्रिलमध्ये एरिया बदलले की ‘कालपर्यंत दिसत होतं’ अशा तक्रारी येतात त्या यामुळेच. कायमचं दाखवायचं असेल तर रूल लिहा.

शेवटी अंकलेश्वरवाल्याच्या नावाने लॉगिन करून हालोलच्या एका गिऱ्हाइकाचं नाव सर्चमध्ये टाका. काहीच यायला नको. मग मॅनेजरच्या लॉगिनने तेच नाव टाका. तिथे यायलाच हवं.