आसाचे माप: आमच्या दुकानाची वाटचाल

सांगलीच्या गणपती पेठेतल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर आजही ‘सुतळी, दोरखंड व जाळी’ एवढीच अक्षरे आहेत. आजोबांनी दुकान थाटले ते हळदीच्या आणि गुळाच्या व्यापाऱ्यांना पोती शिवायची सुतळी पुरवण्यासाठी. मासेमारीशी आमचा संबंध पुढे आला तो सुतामुळे. कृष्णाकाठचे भोई आमच्याकडून सूत नेत, घरी जाळी विणत आणि ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवत. पुढे नायलॉन आले, त्यामागून तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी पारदर्शक धागा, आला, घरचे विणकाम बंद पडत गेले आणि तयार जाळ्यांचे गठ्ठे थेट दुकानात उतरू लागले. त्या दिवसापासून जाळ्याचा आस किती असावा हा निर्णय नदीवरून उठून आमच्या गल्ल्यावर आला, हे आम्हाला मात्र बरेच उशिरा उमगले.

आस म्हणजे जाळ्याचे एक घर. स्वतः विणणाऱ्या भोयाचे माप त्याच्या बोटांवर असे: दोन बोटांचे, तीन बोटांचे, चार बोटांचे जाळे. चार बोटांच्या आसातून पावशेराचा रोहू निसटतो आणि पुढच्या वर्षी किलोचा होऊन परत येतो, हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागत नसे. रोहू-कटल्याला वयात यायला साधारण दोन वर्षे लागतात. त्याआधी धरलेला मासा एकदाही अंडी न घालता संपतो. तयार मालात मात्र करंगळीही न जाणारे बारीक जाळे तितक्याच सहज मिळू लागले, स्वस्त मिळू लागले, आणि वडिलांनी व मी ते अनेक वर्षे बिनदिक्कत विकले. हे लपवून वाटचाल लिहिण्यात अर्थ नाही.

नदीकाठचे एक वयस्क गिऱ्हाईक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, एकदा दुकानात बसले असताना त्यांनी तो बारीक गठ्ठा मांडीवर घेतला, आसात करंगळी घालून पाहिली आणि वडिलांना म्हणाले, “मालक, मासा राहू द्या, ह्यातनं पाणी तरी पल्याड जातंय का बघा.” वडील हसले आणि त्यांनी चहा मागवला. तो गठ्ठा त्याच आठवड्यात विकला गेला. माझ्या डोक्यातून ते वाक्य गेले नाही, तरी दुकान पूर्णपणे माझ्याकडे येईपर्यंत मीही काही केले नाही.

पहिला नियम आम्ही केला तो चढणीच्या माशांवरून. मृगाचा मोठा पाऊस होऊन ओढ्यांना गढूळ पाणी आले, की नदीतले मासे त्या पाण्याला सामोरे जात उथळ जागी अंडी घालायला वर चढतात. पोट गाभोळीने तट्ट फुगलेले असते, घोटाभर पाण्यात पाठ उघडी पडते, आणि मग काठी, पाटी, जुनी मच्छरदाणी, जे हाती लागेल ते घेऊन माणसे ओढ्यात उतरतात. जावळी, पाटण, शिराळा या पट्ट्यात ही रात्र सणासारखी असते. लहानपणी मामाच्या गावी वारणेकडच्या ओढ्यात मीही बॅटरी धरून उभा राहिलो आहे. मामीने विळीवर मासा चिरला की गाभोळीचा पिवळसर गोळा ती वेगळ्या ताटलीत काढून ठेवी, आणि तो कोणाच्या पानात जाणार यावरून आम्हा भावंडांत मारामारी होई. त्या एका गोळ्यात हजारोंनी, मोठ्या रोहूच्या पोटात तर लाखांनी अंडी असतात, हे कळायला मला दुकानदार व्हावे लागले.

म्हणून ती पकड पाप होती असे मी म्हणणार नाही. काठीने चार मासे मारणाऱ्याच्या पायांमधून चाळीस निसटून वर जातात. ओढ्याच्या तोंडाशी बारीक जाळे आडवे बांधले, तर एकही जात नाही, आणि तो ओढा पुढची काही वर्षे रिकामा राहतो. फरक एवढाच आहे, आणि त्यातली पहिली गोष्ट आमच्या दुकानाशिवाय होते, दुसरी आमच्या दुकानामुळे. समुद्रावर आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. आम्ही त्याच धर्तीवर दुकानापुरते ठरवले, की मृग लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत तीन बोटांखालचे जाळे कोणालाही द्यायचे नाही. जाळ्यांचा खप सर्वाधिक असतो तो नेमका याच दिवसांत. धाकट्या भावाचे म्हणणे होते की आपण नाही दिले तर गिऱ्हाईक मिरजेतून नेईल. त्याचे म्हणणे खरे ठरले. गिऱ्हाईक मिरजेतून नेऊ लागले, आणि त्यातले काही जण दिवाळीनंतरही आमच्याकडे परतले नाहीत.

जिलेटिन आणि विष यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण तिथे प्रश्न न्याय्य-अन्याय्याचा उरतच नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारणे हा गुन्हा ठरवला आहे. अलीकडे बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडून पाण्यात करंट सोडणारे येतात आणि आमच्याकडे लांब दांड्याची झोळी मागतात. झोळी साधी वस्तू आहे, पण दांड्याला वायर गुंडाळता येईल का असे कोणी विचारले, की आम्ही ती परत फळीवर ठेवतो.

खरा वाद गळाचा आहे, आणि तो मला अजूनही पुरता सुटलेला नाही. गळाच्या माणसाला सगळे निरुपद्रवी समजतात: कणकेची गोळी, एक दोरी, शिशाचा मणी आणि दिवसभराची वाट. पण तीन तोंडांचे मोठे गळ एका दोरीला ओळीने बांधून, आमिष न लावता, माशांच्या थव्यातून झटका मारत ओढणारेही गळवालेच म्हणवून घेतात. बंधाऱ्याखाली हे फार चालते. म्हैसाळ काय किंवा डिग्रज काय, प्रवाहाविरुद्ध वर निघालेला मासा भिंतीपाशी अडतो आणि दाटी करून उभा राहतो. तिथे झटका मारणे म्हणजे दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याच्या पाठीत काठी घालणे आहे. गळ पोटात, कल्ल्यात, शेपटीत, कुठेही रुततो. जितके मासे हाती येतात त्याशिवाय कितीतरी फाटून सुटतात आणि खाली जाऊन मरतात. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनच्या नियमांतही माशाला मुद्दाम अंगात गळ रुतवून धरणे बाद आहे; मासा आमिषाला आपणहून तोंड लावतो की नाही, यावर सगळे ठरते. हा निकष मला पटला, म्हणून मोठे तीन तोंडी गळ आम्ही ठेवणे बंद केले. कृत्रिम आमिषाला लागणारे लहान तीन तोंडी गळ ठेवतो, आणि त्यांचाही कोणी गैरवापर करत नसेल अशी माझी भाबडी समजूत नाही.

याच गळामुळे दुकानात पुण्याकडची हौशी मंडळी येऊ लागली. त्यांच्यासाठी उलटा काटा नसलेले गळ मागवले, रीळ आणि दांडे ठेवले, आणि सातारा जिल्ह्यातल्या धरणांकडे जाणारी गिऱ्हाइके मिळाली. ही मंडळी मासा धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. एका रविवारी अशाच एका तरुणाने मोठ्या अभिमानाने अण्णांना मोबाइलवर खडशी माशाचा फोटो दाखवला आणि आपण तो सोडल्याचे सांगितले. अण्णा बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “खायचा नव्हता तर धरला कशाला? भूक नसताना जिवाशी खेळायचं ही कुठली रीत?” तरुण म्हणाला, “काका, मी सोडला म्हणून तो पुढे अंडी घालेल. तुम्ही धरलेला घालेल का?” दोघांचेही बरोबर होते, आणि दोघेही माझेच गिऱ्हाईक होते.

माझे मत विचाराल तर सोडणे तेव्हाच न्याय्य, जेव्हा सोडलेला मासा जगतो. कोरड्या हाताने धरला तर अंगावरची बुळबुळीत साय निघून जाते आणि रोगाला वाट मिळते. एप्रिल-मे मध्ये तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यात अर्धा तास दमवलेला मासा सोडून दिला तरी उलटा होतो. फोटोसाठी कल्ल्यात बोट घालून उचललेल्या माशाचे पुढे काय होते ते फोटोत येत नाही. म्हणून असा गळ नेणाऱ्याला आम्ही हात ओले करायला, मासा पाण्यातच ठेवून गळ काढायला, आणि प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निघेपर्यंत धरून ठेवायला सांगतो. काही जण ऐकतात. आणि चिलापी (तिलापिया) किंवा आफ्रिकन मांगूर लागला तर तो मुळीच सोडू नये असेही सांगतो, कारण हे दोन्ही मासे आपल्या नदीचे नव्हेत. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि बघता बघता तळे भरून टाकते, तर तो मांगूर पाळण्यावर देशात बंदीच आहे. आसाचे सगळे तत्त्वज्ञान चिलापीपुरते मी गुंडाळून ठेवतो: चिलापी जितकी बारीक मिळेल तितकी न्या. खरे तर रोहू, कटला, मृगळ हेही मूळचे गंगेकडचे, पण त्यांना आपण इतकी वर्षे जेवू घातले आणि त्यांनी आपल्याला, की आता त्यांना परके म्हणणे जिवावर येते.

एक प्रसंग जाळ्याशी संबंधित नाही, पण पकडीशी आहे. उन्हाळ्यात पाणी घटल्यावर नदीत साखर कारखान्याची मळी किंवा सांडपाणी उतरते आणि मासे तोंड वर काढून तडफडू लागतात. हे आमच्याकडे अधूनमधून होतच असते. अशा एका सकाळी घाटावर माणसे पोती घेऊन मासे गोळा करत होती आणि दहा वाजेपर्यंत ते मासे बाजारात होते. त्यात माझे दोन जुने गिऱ्हाईकही होते. जाळे चार बोटांचे, आयुष्यभर सचोटीने मासेमारी केलेली माणसे. मी काही बोललो नाही. अण्णांनी मात्र त्या दिवशी धंदाच केला नाही; ते म्हणाले, “हे धरलेलं न्हाई, सापडलेलं हाय. आन् ज्यानं मारलं त्याला इचारा काय घातलंय.”

२००५ च्या आणि २०१९ च्या महापुरात दुकान पाण्याखाली गेले. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढले होते, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नुकसानीचे रडगाणे इथे गाणार नाही. पण पूर ओसरल्यावर काठच्या बाभळींवर अडकलेली तंगूसची जाळी आम्ही काढायला गेलो, तेव्हा एका गुंडाळीत पाणकावळ्याचा सांगाडा, एक दिवड साप आणि ओळखू न येणारे सहा-सात मासे निघाले. सूत कुजत असे. तंगूस कुजत नाही. मालकाने सोडून दिलेले जाळे त्याच्यामागेही मासे धरत राहते, आणि ती पकड कोणाच्याच खात्यावर चढत नाही. तेव्हापासून फाटके जाळे आणून देणाऱ्याला नव्या जाळ्यावर वजनाप्रमाणे सूट देतो. या योजनेत आम्हाला तोटा आहे, आणि तो जाहिरातीच्या खर्चात धरावा असा आमच्या सीएंचा सल्ला आहे.

दुकान तगले ते द्राक्षांवर. तासगाव भागातल्या बागायतदारांना पाखरांपासून घड राखायला बारीक जाळी लागते, आणि नदीसाठी नाकारलेला तोच माल बागेसाठी मात्र उत्तम चालतो. हळूहळू ही विक्री मासेमारीच्या विक्रीपुढे गेली. अडचण अशी, की हे सर्वांना ठाऊक झाले आहे. आता बारीक जाळे मागणारा प्रत्येक जण ‘बागेसाठी’ म्हणतो. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, घड उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरतात, आणि जूनमध्ये वेलींवर पानांशिवाय काही नसते. गेल्या मृगात एक तरुण आला आणि म्हणाला, “दादा, द्राक्षाची जाळी द्या, तीस मीटर.” मी विचारले, “घड धरले का?” तो क्षणभर गप्प झाला, मग त्याच्या डोळ्यांत हसू आले, आणि म्हणाला, “बरं, चार बोटांचं दाखवा.”