आमची वाटचाल : वाघिणींच्या वाटेवरून माणसांची सहल

मिरजेतून आम्ही रेल्वेच्या घाट-सहली काढतो, त्याही अशा मार्गांवर जिथे खरा मान मालगाडीचा. चौकशीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "निव्वळ मालवाहतुकीच्या लाइनीवर आमचा एक डबा जाईल का?" नाही जाणार. १९८९च्या रेल्वे कायद्याप्रमाणे रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा तपासणी अहवाल आणि केंद्र सरकारची मंजुरी असल्याशिवाय मार्ग प्रवाशांसाठी खुला होत नाही. खाणीच्या, कारखान्याच्या सायडिंगला, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटलेल्या फाट्याला, ती मंजुरी नसते आणि पैसे मोजून मिळतही नाही. त्यामुळे आमची यादी आखूड आहे : मंजुरी आहे, डोंगर आहे, प्रवासी गाड्या मोजक्या आहेत आणि बाकीचा वेळ रूळ वाघिणींचे, म्हणजे मालगाडीच्या डब्यांचे, आहेत, असेच मार्ग.

त्यात आमचं घरचं अंगण म्हणजे गोव्यातल्या कुळ्यापासून कर्नाटकातल्या कॅसलरॉकपर्यंतचा घाट. २६ किलोमीटर, चढ १:३७ (३७ मीटरमागे एक मीटर), एकेरी लाइन. मुरगाव बंदरातला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे याच घाटाने चढतो. दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये रद्द केली. म्हणजे समोरून कोळसा आला की आपली गाडी करंझोळला किंवा सोनावळीला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या लाइनीवर, उभी. वीस मिनिटं, कधी पाऊण तास. कुठली गाडी आधी सोडायची ते ठरवणाऱ्या सेक्शन कंट्रोलरशी भांडून काही होत नाही. उशीर चुकत नाही. तो कुठे पडू द्यायचा, तेवढंच आपल्या हातात असतं. आमचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती फिरतं.

उदाहरणार्थ दिशा. गोवा एक्स्प्रेस वास्कोकडे जाताना घाट रात्रीच्या अंधारात उतरते आणि परतताना दुपारी चढते. नवखे आयोजक जातानाची तिकिटं काढतात आणि लोकांना झोपेत दूधसागर दाखवतात! आम्ही जाताना अनमोड घाटातून बसने उतरतो, गोव्यात मुक्काम करतो आणि मडगावहून गाडी धरून वर येतो. चढताना वेग कमी, उजेड भरपूर, आणि उशीर झालाच तर तो आपल्या गावी पोचताना होतो. मिरजेला गाडी रात्री उशिराच येते. तिथून पुढची जोडगाडी मात्र कुणालाही काढून देत नाही. सुरुवातीला देत होतो. मग स्टेशनवर पहाटेपर्यंत बसलेल्या ज्येष्ठांना चहा पाजावा लागायचा.

कुळ्याला मागे बँकर लागतात. ही इंजिनं ढकलायला लागतात, कारण सगळा भार पुढूनच ओढला तर पुढच्या कपलिंगांवर ताण फार येतो. हे बघायला आमची माणसं प्लॅटफॉर्मवर उतरतात : इंजिन डब्याला टेकतं, कपलिंग अडकतं, ब्रेकचे होजपाइप जोडले जातात, हवा भरल्याचा सुस्कारा ऐकू येतो. मग गार्ड, हल्लीच्या भाषेत ट्रेन मॅनेजर, गेजकडे बघतो. इंजिनात ५ किलो दाब असेल, तर शेवटच्या डब्यात ४.८ यायला हवा. तेवढा आल्याशिवाय गाडी हलत नाही. एखादा होज गळत असला की इथेच अर्धा तास जातो. शिट्टीच्या आत सगळे डब्यात हवेत, म्हणून प्रत्येक डब्यामागे आमची दोन माणसं, दोन टोकांना एकेक. कुळे सुटल्यापासून कॅसलरॉकपर्यंत दारं बंद. दूधसागरला उतरून रुळांवरून चालायचा हट्ट धरणाऱ्याला रेल्वे कायद्याचं कलम १४७ सांगतो : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. पावसाळ्यात कुळ्याहून जाणाऱ्या जीपही बंद असतात, त्यामुळे धबधबा बघायचा तो खिडकीतूनच. तारीख शक्यतो सप्टेंबरच्या उत्तरार्धातली घ्यावी. जुलैत पाणी जास्त, पण धुकं असं दाटतं की समोरचा पूलही दिसत नाही, आणि दरडींचं भय वेगळंच. ऑगस्ट २०२४मध्ये याच घाटात मालगाडीच्या वाघिणी घसरल्या आणि गाड्या रद्द कराव्या लागल्या, काही दुसरीकडून वळवल्या. म्हणून आमच्या करारात गाडीचं भाडं आणि हॉटेलचं भाडं वेगळं लिहिलेलं असतं. गाडी वळवल्यामुळे आपल्या स्टेशनला आलीच नाही तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून तिकिटाचे पैसे परत मिळतात; हॉटेलवाला देत नाही.

साध्या आरक्षणावर तीस-चाळीस जण नेता येतात. साठ दिवस आधी खिडकी उघडते, एका फॉर्मवर सहा नावं, त्यामुळे गट वेगवेगळ्या डब्यांत विखुरतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही एफटीआरकडे, म्हणजे अख्खा डबा घेण्याकडे वळलो. अर्ज प्रवासाच्या किमान ३० दिवस आणि जास्तीत जास्त सहा महिने आधी, अनामत डब्यामागे ५०,००० रुपये. पूर्ण गाडी घ्यायची तर अनामत १८ डब्यांची भरावी लागते, डबे कमी घेतले तरी. आमच्यासारख्याने त्या वाटेला जाऊ नये.

डबा घेताना सगळ्यात मोठी फसगत जोडणीत होते. मिळालेला डबा जुन्या आयसीएफ बनावटीचा आणि गाडी नव्या एलएचबी बनावटीची, तर कपलिंगच सरळ जुळत नाही. म्हणून अर्जाआधी गाडीचा रेक, म्हणजे डब्यांचा संच, कुठला ते बघायचं. आयसीएफचा स्लीपर ७२ बर्थचा असतो; आम्ही त्यात ५४च घेतो, नाहीतर खिडकीवरून भांडणं होतात. असा डबा रात्रभर सायडिंगला उभा राहिला की बॅटरी उतरते, कारण तो धावतानाच वीज बनवतो. सकाळी पंखे बंद, दिवे मिणमिणते. मुक्काम हॉटेलात ठेवला की हा प्रश्नच उरत नाही.

डब्यात चूल पेटवायची नाही, यात आमच्याकडे तडजोड नाही. २६ ऑगस्ट २०२३ला मदुराईच्या यार्डात उभ्या असलेल्या अशाच खासगी डब्यात चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. आमचा डबा सुटण्याआधी सामान उघडून बघितलं जातं, कुणाला राग आला तरी. जेवण म्हणजे धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं : तीन तास उशीर झाला तरी न बिघडणारं. दहीभात एकदम वर्ज्य. पाणी माणशी दोन लिटर, आणि एक लिटर राखीव. संडासाच्या पाण्याच्या टाक्या मडगावलाच भरलेल्या बघून घ्यायच्या, घाटात त्या भरायची सोय नाही.

याच हिशेबाने पुढे कोत्तवलसा–किरंदुल लाइन घेतली. छत्तीसगडमधल्या बैलाडिल्याचं लोहखनिज जपानला पाठवण्यासाठी साठच्या दशकात ही बांधली गेली. सिमिलिगुडा स्टेशन ९९६ मीटरवर आहे. विशाखापट्टणमहून सकाळची गाडी धरून अराकूला जायचं. परतीची गाडी दुपारनंतरची. खनिजाच्या रेकमागे अडकली की रात्र होते. म्हणून वर रेल्वेने, खाली बसने, वाटेत बोर्रा गुंफा. बस मात्र सकाळीच अराकूला रिकामी पोचलेली हवी. तिचा फेरीचा खर्च तिकिटात धरलेला असतो, आणि दर विचारणाऱ्याला आम्ही तो आकडा वेगळा दाखवतो.