ग्वाल्हेर ते पोखरा : तीन कुत्री, चार माणसं, एक गाडी

दिवाळीच्या सुट्टीत घरातली तिन्ही कुत्री (लॅब्रेडॉर, देशी आणि पग) घेऊन परदेशी जायचं म्हटलं, की ग्वाल्हेरच्या माणसाने आधी विमान डोक्यातून काढावं. युरोप अशक्य नाही. पण दहा-पंधरा दिवसांसाठी तो खटाटोप परवडत नाही, आणि का परवडत नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे बोलायला मोकळे.

युरोपीय संघाच्या यादीत भारत रेबीजच्या दृष्टीने सुरक्षित देशांत नाही. म्हणून प्रत्येक कुत्र्याला आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, तो संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासायचा, अँटीबॉडी ०.५ आययू प्रति मिलीलीटर किंवा त्याहून जास्त हव्यात, आणि रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. १ डिसेंबरला चिप आणि लस केली, तर रक्त लवकरात लवकर ३१ डिसेंबरला, आणि निघणं मार्चअखेर. तिघांपैकी एकाची पातळी ०.४ आली की बाकी दोघं पास होऊनही सगळं घर थांबतं. चिपच्या आधी दिलेली लस धरतच नाहीत, आणि आपल्याकडे चिप नेहमी नंतरच सुचते. त्यानंतर पोहोचण्याआधीच्या दहा दिवसांत काढलेलं आरोग्य प्रमाणपत्र. आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वे यांपैकी कुठे जायचं असेल तर पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी फीतकृमीचं औषध डॉक्टरसमोर देऊन त्याची नोंदही लागते. एका मालकामागे पाच प्राणी नेता येतात, म्हणजे संख्येची अडचण तिकडे नाही. ती येताना आहे. भारतात कुत्री आणण्याची सवलत एका प्रवाशामागे दोन प्राण्यांची, आणि तीही मुख्यतः परदेशातलं बिऱ्हाड हलवून परत येणाऱ्यांसाठी लिहिलेली. सहलीला गेलेली कुत्री परत आणायची तर पशु क्वारंटाइन विभागाच्या दिल्ली किंवा मुंबई कार्यालयाकडून निघण्याआधीच लेखी उत्तर घेतल्याशिवाय तिकीट काढू नये. त्यात चपट्या नाकाचा पग किंवा बुलडॉग असेल तर बऱ्याच विमान कंपन्या त्याला घेतच नाहीत.

राहिला नेपाळ. शिंदे घराण्याची तिकडच्या राणांशी सोयरीक झाली तेव्हापासून ग्वाल्हेरला तो देश परका नाही. आपल्या कामाची गोष्ट मात्र एवढीच, की तिथे स्वतःच्या गाडीने जाता येतं. रस्ता असा : मुरैना, चंबळचा पूल, धौलपूर, आग्रा, तिथून ३०२ किलोमीटरचा एक्सप्रेसवे धरून लखनौ, मग अयोध्या, बस्ती, गोरखपूर, सोनौली. सरहद्दीपर्यंत साधारण ८०० किलोमीटर. पुढे बुटवल, तानसेन करत सिद्धार्थ राजमार्गाने पोखरा, १८१ किलोमीटर. नुसती माणसं असतील तर हे दोन दिवसांचं काम. कुत्र्यांसह चार दिवस धरा : लखनौ, गोरखपूर, तानसेन, पोखरा. म्हणजे आठवड्याच्या सुट्टीत हे बसत नाही, किमान बारा-तेरा दिवस हवेत.

दिवस कोणते? पावसाळ्यात बुटवलच्या पुढे दरडी कोसळतात आणि गवतात जळवा असतात. कुत्र्याच्या नाकपुडीतसुद्धा त्या शिरतात. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशात धुकं. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या आसपास, तेव्हा नावच नको. उरले ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च. दिवाळीला जात असाल तर धनत्रयोदशीच्या दोन-तीन दिवस आधी तरी निघा, नाहीतर लक्ष्मीपूजनाची रात्र भर गावातल्या हॉटेलात फटाक्यांत काढावी लागेल. शिवाय आपल्या नरक चतुर्दशीला नेपाळात कुकुर तिहार असतो. त्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात आणि गोडधोड खायला देतात. माळ दोन मिनिटांनी काढून घ्या, लॅब्रेडॉर ती खाऊन टाकतो.

आता कागदपत्रं. प्रत्येक कुत्र्याची वेगळी पारदर्शक फाइल करा, तिन्हींची मिळून एक नको. आत लसीकरणाचं पुस्तक, सरकारी पशुवैद्यकाने सही-शिक्क्यानिशी दिलेलं आरोग्य प्रमाणपत्र (निघण्याआधीच्या आठवड्यात काढलेलं), चिपचा क्रमांक, आणि समोरून व बाजूने काढलेले दोन फोटो. रेबीजची लस निघण्याच्या किमान महिनाभर आधीची आणि वर्षाच्या आतली हवी. पुस्तक उघडून पाहा : लसीच्या बाटलीवरचं छोटं स्टिकर चिकटवलेलं आहे का, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत वाचता येते का, शेजारी तारीख आणि सही आहे का? अनेक पुस्तकांत नुसती तारीख आणि एक बरोबरची खूण असते. तेवढ्यावर घरच्या डॉक्टरचं भागतं, चौकीवरच्या माणसाचं नाही. दुसरी हमखास चूक वर्णनाची. पुस्तकात ‘देशी, तपकिरी, नर’ आणि प्रमाणपत्रात ‘क्रॉस, लाल’ लिहिलं, की तेच कुत्रं हे की दुसरं यावर वाद सुरू. तिन्ही कुत्र्यांचे शब्द एकाच बैठकीत, एकाच हाताने लिहून घ्या. या फाइली परतीसाठीही जपायच्या आहेत : कुत्री इथलीच आहेत आणि अमुक तारखेला इथून गेली, हे सांगणारा दुसरा पुरावा आपल्याकडे नसतो. म्हणूनच परत येताना सोनौलीला काय मागतात तेही क्वारंटाइन कार्यालयाला आधी विचारून ठेवावं.

डॉक्टरकडे जाताना यादी घेऊन जा. लेप्टोस्पायरा या जंतूवरची लस ताजी करून घ्या, तराईत, म्हणजे नेपाळच्या सखल पट्ट्यात, साचलेलं पाणी फार. जंताचं औषध घ्या. गोचिडांसाठी चघळायची गोळी (काही महिनाभर चालतात, काही बारा आठवडे) निघण्याच्या चार-पाच दिवस आधी द्या, म्हणजे पोट बिघडलं तर घरीच बिघडेल. गाडीत उलटी होणाऱ्यासाठी मॅरोपिटंट वजनाप्रमाणे लिहून घ्या, त्याचा असर साधारण २४ तास राहतो. झोपेचं औषध मागू नका. असिप्रोमझीनसारख्या औषधाने रक्तदाब उतरतो आणि अंगाचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते. कुत्रं शांत दिसतं, आतून शांत असेलच असं नाही. पगला तर नाहीच. घरात नसबंदी न झालेली मादी असेल तर तिच्या तारखा मोजा. माज तीन आठवडे चालतो, आणि त्या काळात पोखऱ्याच्या लेकसाइडला फिरायला काढणं म्हणजे गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना आमंत्रण.

गाडी सात सीटची, मागची रांग पाडलेली. पिंजरे घेण्याआधी मागच्या दोन चाकांवरच्या उंचवट्यांमधली रुंदी टेपने मोजा. पिंजरे आणून झाल्यावर मोजणारे खूप आहेत. लॅब्रेडॉरला ४२ इंची, देशीला ३६, पगला २४ पुरतो. कसोटी एवढीच, की कुत्रं आत डोकं न टेकवता उभं राहिलं पाहिजे, वळलं पाहिजे आणि पाय पसरून झोपलं पाहिजे. तीन पिंजरे बहुतेक गाड्यांत मावत नाहीत. मग दोन मोठ्यांमध्ये पक्की जाळी, आणि पगला मधल्या सीटवर छातीचा पट्टा घालून सीटबेल्टला अडकवा. गळ्याच्या पट्ट्याला बेल्ट कधीही नाही, ब्रेक लागला की मान जाते. पिंजरे सुट्टीच्या महिनाभर आधी घरात उघडे ठेवा आणि जेवण त्यातच द्या.

पाणी किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलीलीटर. ३० किलोचा लॅब, १८ किलोचा देशी आणि ८ किलोचा पग मिळून साधारण तीन लिटर. उन्हात दुप्पट धरा. घरचं पाणी २० लिटरच्या कॅनमध्ये घ्या आणि पुढे बाटलीबंदच वापरा. कोरडं खाणं तिघांचं मिळून दिवसाला सुमारे ६५० ग्रॅम, तेरा दिवसांचं साडेआठ किलो होतं, पण ११ किलो न्या. तोच ब्रँड पोखऱ्यात मिळेलच असं नाही, आणि एका दिवसात खाणं बदललं की जुलाब ठरलेले. निघण्याच्या पाच-सहा तास आधी हलकं जेवण द्या आणि नंतर संध्याकाळी मुक्कामालाच. तिघांना तीन कोपऱ्यांत. घरी एकत्र जेवणारी कुत्रीसुद्धा अनोळखी खोलीत ताटावरून भांडतात.

फराळाचा डबा मात्र कुलपात. बेसनाच्या लाडवातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहे, तळलेल्या कांद्याचा चिवडाही नको, चॉकलेट तर नाहीच. घरातली वडीलधारी मंडळी ‘एक तुकडा दिला तर काय होतं’ म्हणतात, त्यांना हे आधी सांगून ठेवा.

थांबे दर दोन तासांनी. एक्सप्रेसवेच्या कडेला गाडी उभी करू नका, सुविधा केंद्रांतच थांबा. उतरण्याची एक रीत बसवावी लागते, कारण तिघांपैकी एक सुटतं ते नेहमी याच वेळी. इंजिन बंद. चालकाने उतरून आजूबाजूला भटकी कुत्री किती आहेत ते पाहायचं. बाकीचे दरवाजे बंदच. आत बसलेल्या माणसाने पिंजऱ्याच्या फटीतून हात घालून पहिल्या कुत्र्याच्या छातीच्या पट्ट्याला साखळी लावायची, साखळीचा फास मनगटात घालायचा, मग बाहेरच्या माणसाला ‘हं’ म्हणायचं आणि तेव्हाच मागचं दार उघडायचं. एक उतरून दहा पावलं लांब गेलं की दुसरं. तीन कुत्री एकदम ढाब्याच्या अंगणात उतरवली की तिथल्या टोळीला ते आक्रमण वाटतं, आणि आपली तिघंही लगेच टोळी होतात. म्हणून एक कुत्रं, एक माणूस. माणसांपेक्षा कुत्री जास्त असतील तर सहलच करू नका.

उभ्या गाडीत कुत्रं ठेवायचं नाही, काच चार बोटं उघडी असली तरी. बाहेर २१ अंश असताना आतलं तापमान दहा मिनिटांत ३२ वर जातं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२, त्याच्या वर गेलं, धाप थांबेना, हिरड्या गडद लाल झाल्या, तोल जायला लागला, की आधी अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला आणि मग दवाखाना शोधा. डिजिटल थर्मामीटर औषधांच्या पिशवीत हवाच.

सोनौलीला ट्रकांची रांग लागते. गोरखपूरहून पहाटे पाचला निघा. कागदांसाठी दोघांनी उतरायचं, दोघं एसी चालू ठेवून कुत्र्यांजवळ. माणसांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, गाडीला आरसी, लायसन्स आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर अधिकारपत्र. पलीकडे बेलहियाला गाडीचा भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, भरायचा, तो दिवसांच्या हिशोबाने असतो. तो ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्तीचा काढा. एका कुत्र्याचं पोट बिघडून मुक्काम वाढला आणि भन्साराची तारीख उलटली, तर दंड त्या दोन दिवसांच्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त. तिथेच पशु क्वारंटाइनच्या चौकीवर तिन्ही फाइली दाखवून नोंद करून घ्या. कोणी हटकत नाही म्हणून तसेच पुढे गेलात, तर आतल्या तपासणीत सांगायला काही राहत नाही. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, सुट्ट्या पैशांत फसू नका.

बुटवलनंतर वळणं सुरू होतात. मॅरोपिटंट त्या दिवशी सकाळीच द्या. तानसेन सुमारे १,३५० मीटरवर आहे, हवा थंड, म्हणून मुक्काम तिथेच. हॉटेलला ‘कुत्री चालतात का’ एवढंच विचारू नका, सगळे हो म्हणतात. लिहून विचारा : तीन कुत्री, एकूण वजन ५६ किलो, खोलीत झोपतील, तळमजला मिळेल का, बाहेर अंगणाला फाटक आहे का? उत्तरही लेखी घ्या. आपल्या चादरी न्या. चितवनचा बेत त्याच सहलीत जोडू नका, राष्ट्रीय उद्यानात कुत्री नेता येत नाहीत. पोखऱ्याच्या आसपास टेकड्यांवर बिबटे आहेत, तेव्हा अंधार पडल्यावर साखळीशिवाय कुठेच नाही.

भटकं कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. लस झालेल्या कुत्र्यालाही बूस्टर लागतो, माणसाला चावलं तर माणसाची लस त्याच दिवशी सुरू करा.

घरी परतल्यावर तिघांचेही कान, बगला आणि बोटांमधली जागा बोटांनी चाचपून गोचीड शोधा. गोचिडतापाची लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तेव्हा महिनाभर रोज ताप पाहा आणि ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघा. फिक्या वाटल्या तर डॉक्टरांना नेपाळला जाऊन आलो हे आधी सांगा, म्हणजे रक्त लगेच तपासतील.