विमान नव्हतंच, तरी नो-फ्लाय पाळला

मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला दोन स्कूबा डाइव्ह मारून आलो, आमच्यातले अजून दोघं जाणार आहेत म्हणून लिहून ठेवतोय.

आपण सांगलीत कृष्णेच्या माई घाटावर पोहायला शिकलेली माणसं, खोली म्हटलं की आयर्विन पुलाची पातळी आठवते, 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. इन्स्ट्रक्टर 18 मीटर म्हणाला, मी मनात फूट केले तर 59! 2019 च्या महापुरात सुद्धा पुलाजवळ 57 च्या थोडं वर गेलेलं.

डाइव्ह कॉम्प्युटर भाड्यानं घेतले. पार्टनर म्हणाला दोघांत एकच घेऊ की, पैसे वाचतील. सेंटरवाला नाहीच म्हणाला. त्या मशीनला फक्त मनगटावरची खोली आणि वेळ कळते, त्यावरून अंगात नायट्रोजन किती मुरला याचा हिशोब ते लावतं, शेजारचा दोन मीटर खाली असला तर त्याचा हिशोब वेगळा. आणि सकाळी ज्याच्या हातात जो, दुसऱ्या डाइव्हलाही तोच, कारण मागची बाकी पुढं ओढलेली असते. आमचा हळदीचा धंदा, वही-खातं लगेच समजतं.

बोटीवर प्लॅन मोड दाखवला, कुठल्या खोलीला किती मिनिटं राहता येईल ते त्यात दिसतं. सकाळी 18 मीटरला आकडा 50 मिनिटांच्या आसपास होता, म्हणजे तेवढ्यात वर निघालं तर वाटेत सक्तीचा थांबा नाही. डाइव्ह करून तासभर बोटीवर बसलो, परत बघितलं तर त्याच खोलीला 35 च! म्हणून दुसऱ्या डाइव्हला 14 मीटरपेक्षा खोल गेलोच नाही. खाली आकडा भराभर उतरतो आणि जरा वर सरकलं की वाढतो, हे वाचून डोक्यात शिरलं नव्हतं, पाण्यात बघितलं तेव्हा शिरलं. वर येताना मी घाई केली तर लगेच टीटीटी वाजला, मिनिटाला 9 मीटरच्या वर वेग नको म्हणे. मग 5 मीटरला 3 मिनिटं लटकलो, तो थांबा सक्तीचा नाही पण सगळे करतात.

साडेबाराला बाहेर आलो तर स्क्रीनवर विमानाचं चित्र, 18 तास, म्हणजे तेवढा वेळ विमानात बसायचं नाही, हाच नो-फ्लाय. पार्टनर म्हणतो, आपण कुठं विमानानं चाललोय, चारला गाडी काढू. इन्स्ट्रक्टरनं रस्ता विचारला. अंकोल्याहून घाट चढून यल्लापूर, हुबळी, बेळगाव. तो म्हणाला, बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, डाइव्हिंगमध्ये 300 च्या वर गेलं की उंचीच धरतात, वर हवेचा दाब कमी, अंगातला नायट्रोजन अजून निघतोय, त्याचे बुडबुडे होऊन सांध्यात बसले तर काय करशील? गाडी आहे का विमान ते शरीराला कळत नाही.

राहिलो. कॉम्प्युटर परत द्यायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढला आणि दर तासाला एक वजा करत बसलो, पार्टनर जेवताना पण विचारत होता, किती उरले रे? सकाळी सातला निघालो. त्याचा सोमवारचा सौदा बुडाला, ते तो अजून ऐकवतो.