आमची वाटचाल : उरलेल्या बोटांचं काम

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात वायर हार्नेस तयार होतात. दुचाकीचा हेडलाइट, पंपाचं पॅनेल, अशा कुठल्याही गोष्टीच्या आत तारांचा जो बांधलेला जुडगा असतो, तो. कटिंग, स्ट्रिपिंग (तारेच्या टोकावरचं प्लास्टिक सोलणं), क्रिम्पिंग (उघड्या टोकावर धातूचं टर्मिनल, म्हणजे पिन, दाबून बसवणं), कनेक्टरमध्ये पिना भरणं, बोर्डवर मांडणी, टेपिंग, टेस्टिंग आणि पॅकिंग, हे कामाचे टप्पे. लाइनवर बसणारे बहुतेक जण आधी दुसरीकडे पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) होते आणि तिथे त्यांची बोटं गेली. लातूर-बीड-नांदेडकडून किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून येऊन हेल्पर म्हणून लागलेली आणि थोड्याच दिवसांत प्रेससमोर बसवलेली ही माणसं आहेत. त्यांची नावं-गावं आणि कहाण्या इथे सांगणार नाही. तुटलेल्या हाताला पुन्हा कमावता करताना काय जमलं, काय फसलं आणि कशामुळे, तेवढंच लिहितो. दुसऱ्या एखाद्या गाळेवाल्याला त्याचा उपयोग व्हावा.

बोटं जातात कशी, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या अर्ध्या अडचणी तिथूनच येतात. छोट्या प्रेस शॉपमध्ये अजून की-क्लचचे यांत्रिक प्रेस चालतात. पॅडल दाबलं की क्लचची किल्ली फ्लायव्हीलमध्ये (सतत फिरणाऱ्या जड चाकात) अडकते आणि रॅम (वरचा ठोकणारा भाग) खाली येतो. एकदा किल्ली अडकली की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मधे थांबवायची सोय नाही. किल्ली झिजली किंवा स्प्रिंग ढिली पडली की पाय उचललेला असतानाही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. याला शॉपमध्ये ‘डबल मारणं’ म्हणतात. पहिला फटका झाल्यावर ऑपरेटरचा हात जॉब (घडवलेला तुकडा) काढायला डायमध्ये (साच्यात) गेलेला असतो, आणि डबल नेमका तेव्हा बसतो. अशा प्रेसला लाइट कर्टन (हात आडवा आला की यंत्राला थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावून भागत नाही. सेन्सरने हात पाहिला तरी रॅम अडवणार कोण? तिथे डायभोवती पूर्ण बंदिस्त गार्ड हवा आणि जॉब उचलायला चिमटा किंवा मॅग्नेट हवा. क्लचची तपासणी तर रोज शिफ्ट सुरू होण्याआधी व्हायला हवी.

आता आमचं क्रिम्पिंग मशीन बघा. तेही दीड-दोन टनांचा छोटा प्रेसच आहे. सुरुवातीला आम्ही सरळ हिशेब केला की प्रेसवरच्या माणसाला मशीनचा अनुभव आहे, म्हणजे त्याला क्रिम्पिंग द्यावं. हा हिशेब साफ चुकला. फटक्याचा आवाज झाला की डोळे मिटायचे, खांदा मागे जायचा आणि तार टर्मिनलमध्ये दोन-तीन मिलिमीटर कमी शिरायची. मग क्रिम्प अर्ध्याच तारेवर बसायचा. रिजेक्शन वाढलं आणि माणसाला वाटू लागलं की आपल्या हातात आता काही राहिलं नाही. खरं तर हाताचा त्यात काहीच दोष नव्हता, कामाचा क्रम आम्ही चुकवला होता. आता पहिले तीन महिने कुणालाही क्रिम्पिंगवर बसवत नाही. मशीनला पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा गार्ड आहे, तार जाईल एवढीच फट आहे, ६ मि.मी.पेक्षा कमी, आणि गार्ड उघडला की इंटरलॉकने मशीन बंद पडतं. नवीन माणसाला हा गार्ड स्वतः उघडून मशीन बंद होताना बघू देतो. पाहिजे तेवढ्या वेळा, घाई न करता.

काम कुठलं द्यायचं हे किती बोटं गेली यावर फारसं अवलंबून नसतं, कोणती गेली यावर असतं. अंगठा गेला तर चिमूट जाते, आणि हाताच्या उपयोगाचा जवळजवळ निम्मा भाग अंगठ्यावर असतो. तर्जनी गेली तर बारीक चिमटीचं काम काही आठवड्यांत मधलं बोट उचलतं, फक्त ते सरावाने उचलू द्यावं लागतं. करंगळी आणि अनामिका गेली तर लोकांना वाटतं फार बिघडलं नाही. पण मुठीची ताकद मोठ्या प्रमाणात याच दोन बोटांतून येते. त्यामुळे असा माणूस पिना सुरेख भरतो, पण हाताच्या क्रिम्पिंग टूलने शंभर क्रिम्प मारायला लावले तर संध्याकाळपर्यंत मनगट सुजतं. म्हणून तर्जनी नसलेल्याला मांडणी आणि टेस्टिंग, करंगळी-अनामिका नसलेल्याला पिना भरणं आणि तपासणी, अंगठा नसलेल्याला बोर्डवरची मांडणी, पण क्लॅम्प बदलून. आमच्या बोर्डवर आधी दाबून उघडायचे क्लिप होते, ते काढून नुसती तार वरून ढकलली की बसेल असे यू आकाराचे स्प्रिंग क्लॅम्प लावले. बोर्ड टेबलावर आडवा न ठेवता साधारण तीस अंशांत उभा केला, म्हणजे तार धरून ठेवायला दुसरा हात लागत नाही. एवढ्या दोन बदलांनी जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही महागड्या वस्तूने पडला नाही.

बोटाचा खुंट हा वेगळाच विषय आहे. जखम भरली तरी टोक इतकं नाजूक असतं की कापड लागलं तरी झिणझिण्या येतात, आणि मग माणूस तो हात खिशात ठेवायला लागतो. हात खिशात राहिला की उरलेल्या बोटांचे सांधेही आखडतात. यावर उपाय स्वस्त आहे, पण चिकाटीचा आहे. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने हो म्हटल्यावर, आधी कापसाने टोक हलके चोळायचं, ते सोसलं की मऊ सुती कापडाने, मग खरबरीत टॉवेलने. त्यानंतर वाडग्यात तांदूळ घेऊन त्यात हात घालून फिरवायचा, पुढे गहू, मग राजमा. दर वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. आमच्या पँट्रीत ही तीन वाडगी कायम भरलेली असतात आणि चहाच्या सुट्टीत माणसं गप्पा मारत हात फिरवत बसतात. एकाच ठिकाणी टिचकी मारल्यावर विजेचा झटका बसल्यासारखं झालं, तर ते मज्जातंतूच्या टोकाला आलेल्या गाठीचं लक्षण असू शकतं. ते चोळून जात नाही, सर्जनला दाखवावं लागतं. थंडीचा त्रास तर वर्षानुवर्षं राहतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शिफ्टला धातूचं टूल हातात घेतलं की खुंट ठणकतो, म्हणून सगळ्या टूलच्या मुठींवर फोमची नळी चढवली आहे आणि पहिला अर्धा तास टूल न लागणारी कामं ठेवतो.

शिकवण्याचा क्रम आता असा बसला आहे. पहिल्या आठवड्यात उत्पादन शून्य. कनेक्टर वेगळे करणं, तारांचे रंग ओळखणं, ड्रॉइंग वाचणं. काळ्या रेघेची लाल तार आणि लाल रेघेची काळी तार यांतला फरक ट्यूबलाइटखाली पटकन कळत नाही, आणि सर्वांत जास्त चुकीची जोडणी इथेच होते. म्हणून टेबलावर पांढऱ्या एलईडीचा दिवा आणि तारेचे नमुने चिकटवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड ठेवतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिना भरणं. याचं एकच सूत्र आहे: ढकल, टिक ऐक, ओढून बघ. टर्मिनलची जीभ कनेक्टरच्या आत अडकते तेव्हा बारीक टिक होते. ती न ऐकता पुढे गेलं तर टेस्टिंगला करंट मिळतो, पीस पास होतो, आणि गाडीत बसवताना पिन मागे सरकते. ही चूक सगळ्यांत घातक, कारण ती आमच्या दारात कधीच सापडत नाही. लाइनवर रेडिओ लावायचा नाही हा नियम त्या ‘टिक’ आवाजापायी आहे.

टेपिंग शेवटी शिकवतो, कारण तेच सर्वांत अवघड. दोन्ही हात धडधाकट असलेला माणूस एका हाताने जुडगा फिरवतो आणि दुसऱ्याने टेप ताणून धरतो. तीन बोटांच्या हाताला टेप ताणून धरता येत नाही, तो ढिला बसतो आणि उन्हात सुटतो. आम्ही टेपचा रोल टेबलाला पक्का केला, त्याच्या दांड्यावर स्प्रिंग वॉशर घालून थोडा अडथळा दिला. आता ताण रोलच देतो आणि माणसाने फक्त जुडगा फिरवत पुढे सरकवायचा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. १९ मि.मी.चा टेप असेल तर साडेनऊ मि.मी. झाकलेला दिसला पाहिजे. फांदी फुटते तिथे तीन वेढे जागेवर देऊन मग पुढे जायचं. शेवटचा वेढा न ताणता टेकवायचा, कारण ताणलेलं टोक आपोआप उलटतं.

क्रिम्पिंगला चौथ्या महिन्यापासून. इथे हाताच्या कसबापेक्षा डोळा आणि मोजमाप लागतं, आणि प्रेसवरची शिस्त खरंच कामी येते. स्ट्रिपिंगमध्ये एकही धागा तुटलेला नको. १६ धाग्यांच्या तारेत दोन तुटले तरी तार बाद. कंडक्टर क्रिम्पच्या (उघड्या धाग्यांवर बसणाऱ्या भागाच्या) पुढे धाग्यांची टोकं किंचित दिसली पाहिजेत, इन्सुलेशन (तारेवरचं प्लास्टिक) कंडक्टर क्रिम्पखाली गेलेलं नको. क्रिम्पची उंची मायक्रोमीटरने मोजायची, शिफ्टच्या पहिल्या पीसला, टर्मिनलची रीळ बदलली की, आणि डाय काढून बसवली की. मग ओढून बघायची चाचणी. आयईसी ६०३५२-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ०.५ चौ.मि.मी. तारेला किमान ६० न्यूटन, ०.७५ ला ८५ आणि १.५ ला १५० न्यूटन ताण सोसला पाहिजे. ६० न्यूटन म्हणजे साधारण सहा किलो. त्याआधीच तार सुटून बाहेर आली तर क्रिम्प ढिला आहे, आणि क्रिम्पच्या तोंडाशीच तुटली तर तो जास्त दाबला गेला आहे. हा फरक डोळ्यांनी ओळखता आला की माणूस तयार झाला असं आम्ही मानतो.

पैशांबद्दल दोन गोष्टी. पहिली, सुरुवातीचे तीन महिने पीस रेट ठेवायचा नाही, ठरलेला पगार द्यायचा. प्रेसवर त्याचा हात घाईनेच घेतलेला असतो. इथेही पीसमागे पैसे लावले तर घाई परत येते आणि टिक ऐकू येत नाही. दुसरी गोष्ट ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, आणि ती अनेकांना माहीतच नसते. कामावर झालेल्या इजेसाठी किती दिवस वर्गणी भरली ही अट नाही, पहिल्या दिवशीची इजाही धरली जाते. बरं होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के मिळतात. कायमचं नुकसान झालं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं. कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याला ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, एका हाताची दोन बोटं गेली तर २०, चारही गेली तर ५० टक्के आहेत. वेतन १५,००० असेल तर त्याचे ९० टक्के म्हणजे १३,५००, आणि दोन बोटांचे त्यातले २० टक्के म्हणजे महिना साधारण २,७०० रुपये, आयुष्यभर. दुसरीकडे नोकरी लागली म्हणून हे बंद होत नाही. आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना ही भीती असते की पगार सुरू झाला की पेन्शन जाईल, आणि त्यापायी ते चोरून रोजंदारी करत असतात. आम्ही पहिल्याच दिवशी कागद तपासतो: अपघाताचा अहवाल गेला होता का, विमा क्रमांक अपघाताच्या आधीचा आहे का, बोर्डासमोर हजर राहिले का. हयातीचा दाखला वेळेवर द्यावा लागतो, त्याची तारीख नोटीस बोर्डवर लिहिलेली असते. दिव्यांग प्रमाणपत्राचं मात्र वेगळं आहे. सवलतींना ४० टक्के लागतात आणि दोन-तीन बोटं गेलेल्याचा आकडा बहुधा त्याखाली राहतो. म्हणजे हाताने काम मिळत नाही आणि कागदावर दिव्यांगही नाही. या मधल्या पट्ट्यातल्या माणसाकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि आम्हाला याचं मनापासून वाईट वाटतं.

गाळा चालवताना खरी ओढाताण असते ती खेळत्या भांडवलाची. शिकणाऱ्या माणसाचे तीन महिन्यांचे पगार आधी जातात आणि मालाचे पैसे ४५ दिवसांनी येतात, तेही उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योग म्हणून नोंद) असेल आणि बिलावर तसं लिहिलेलं असेल तर. म्हणून एका वेळी दोनच नवीन माणसं घेतो. चार घेतली तेव्हा शिकवणाराच कमी पडला आणि चौघांचंही काम कच्चं राहिलं.

तयार झालेले काही जण आता स्वतःच्या घरी जॉबवर्क करतात. त्यासाठी फार लागत नाही: एक तिरका बोर्ड, टेपचा अडथळ्याचा स्टँड, बझरचा कंटिन्यूटी टेस्टर (तार सलग जोडलेली असेल तर वाजणारा), पांढरा दिवा आणि खिडकीजवळची जागा. क्रिम्प झालेल्या तारा आमच्याकडून चलनावर जातात, भरणं आणि टेपिंग तिकडे होतं. पहिल्या लॉटमधले पहिले दहा पीस आम्ही आणि घरी काम करणाऱ्याने मिळून एकाच टेबलावर ओढून बघायचे, आणि मगच पुढच्या तारा गाडीत चढवायच्या.