तुम्ही विचारलंत म्हणून: एका मोठ्या संख्येचा ६४१ हा अवयव सापडला कसा?

मूळ संख्यांचा विषय निघाला की वर्गात कुणीतरी हमखास विचारतं: कॉम्प्युटर नव्हता, कॅल्क्युलेटर नव्हता, तेव्हा एवढ्या मोठ्या संख्यांचे अवयव पाडायचे कसे? मी दरवेळी फळ्यावर एकच संख्या लिहिते: ४,२९,४९,६७,२९७.

ही दोनाच्या बत्तिसाव्या घातापेक्षा एकाने मोठी. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या मालिकेतली पुढची (दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा; घात दरवेळी दुप्पट). आधीच्या पाचही मूळ आहेत, म्हणून हीसुद्धा मूळच असणार, असं फ्रेंच गणिती फर्मा यांना १६४० च्या सुमारास ठामपणे वाटत होतं. १७३२ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमधले गणिती ऑयलर यांनी दाखवून दिलं की हिला ६४१ ने पूर्ण भाग जातो. भागाकार ६७,००,४१७.

आता सरळ मार्गाने जायचं, तर हिच्या वर्गमुळापर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत बसलात, तरी ६४१ चा नंबर ११६ वा लागतो. पण ऑयलर यांनी पुढे एक सुंदर नियम सिद्ध केला: या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं, तर बाकी १ च उरली पाहिजे. म्हणजे ३, ७, ११ यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ६५, १२९, १९३ असं चौसष्टच्या पावलांनी चालायचं आणि त्यातल्या मूळ तेवढ्या घ्यायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते! (२५७ तर मालिकेतलीच; तिने भागलं की बाकी २ उरते, त्यामुळे तीही वगळता येते.)

मला त्याहून आवडतो तो पडताळा, कारण त्यात मोठा भागाकार करावाच लागत नाही. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ५ × २⁷ ला ६४१ ने भागलं की बाकी −१ धरता येते (पूर्ण भाग जायला एकच कमी पडतो). चौथा घात घ्या: ५⁴ × २²⁸ ची बाकी १. आता ६४१ म्हणजेच ६२५ + १६, अर्थात ५⁴ + २⁴. म्हणून ५⁴ च्या जागी −२⁴ चालतं. मग −२³² ची बाकी १, म्हणजे २³² + १ ला पूर्ण भाग! आठवीतल्या मुलांना घातांकाचे नियम येत असतात. ही शेवटची ओळ मी त्यांनाच लिहायला लावते. खडू हातात घेऊन चार अब्जांची संख्या फोडलेली मुलं बघण्यासारखी असतात.

यावर पुढचा प्रश्न येतोच: मग आता कॉम्प्युटर आहेत, तर सगळं सुटलं असेल ना? नाही. याच मालिकेत दोनाच्या १०,४८,५७६ व्या घातात एक मिळवून होणारी संख्या आहे, ३,१५,६५३ अंकी. ती मूळ नाही हे पक्कं सिद्ध झालंय, पण तिचा एकही मूळ अवयव अजून कुणाला सापडलेला नाही.